टंकयंत्री नागरी: ठोक्याने घडलेले अक्षर

टंकयंत्री फॉन्ट म्हणजे जुन्या टाइपरायटरवर उमटणाऱ्या अक्षरासारखे दिसणारे संगणकी अक्षर. रोमन लिपीत त्याची ओळख सोपी आहे. प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळते, त्यामुळे अरुंद अक्षरांना रुंद पाय जोडलेले असतात आणि रुंद अक्षरे दाबून बसवलेली असतात. रिबनची शाई एके ठिकाणी दाट, एके ठिकाणी फिकी उमटते. एखादे अक्षर ओळीच्या किंचित वर किंवा खाली जाते. नागरीत मात्र ही लक्षणे तशीच्या तशी लागू पडत नाहीत. नागरी टंकयंत्राने अक्षराची घडणच बदलली होती, आणि तो बदल का झाला हे कळल्याशिवाय नागरीत टंकयंत्राचा आभास खरा वाटत नाही. या घडणीमागे पन्नासेक वर्षांचा लिपीचा वाद आहे, आणि त्याचे बरेच धागे वाराणसीत जाऊन मिळतात.

रोमन टंकाक्षराचा इतिहास थोडक्यात असा. अमेरिकेतील रेमिंग्टन कंपनीने शोल्स आणि ग्लिडन यांचे यंत्र १८७४ मध्ये बाजारात आणले. त्यावर फक्त कॅपिटल अक्षरे होती. १८७८ च्या ‘रेमिंग्टन क्रमांक २’ मध्ये शिफ्टची कळ आली आणि एका कळीवर दोन अक्षरे बसू लागली. पुढे दोन मापे रूढ झाली: एका इंचात १० अक्षरे बसतील ते पायका आणि १२ बसतील ते एलिट. आयबीएमसाठी हॉवर्ड केटलर यांनी १९५० च्या दशकात ‘कुरियर’ हे अक्षर रेखाटले आणि ते जगभरच्या कचेऱ्यांचे अक्षर बनले. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आपल्या पत्रव्यवहारातून ते २००४ मध्ये काढून ‘टाइम्स न्यू रोमन’ घेतले. चित्रपटांच्या पटकथा आजही १२ पॉइंट कुरियरमध्ये लिहिल्या जातात, कारण त्या मापात एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, हा हिशेब धंद्यात मुरलेला आहे.

ग्राफिक डिझाइनमध्ये या अक्षराचे दोन वेगळे वंश दिसतात. पहिला स्वच्छ. जोएल केडन आणि टोनी स्टॅन यांनी १९७४ मध्ये केलेला ‘अमेरिकन टाइपरायटर’ या वंशातला. त्यात वळण टंकयंत्राचे असले तरी अक्षरांना हवी तशी कमीजास्त रुंदी दिलेली आहे, म्हणून तो जाहिरातीत सहज वाचला जातो. दुसरा वंश मळक्या, झिजलेल्या अक्षरांचा. एरिक व्हान ब्लोकलंड यांचा १९९१ चा ‘ट्रिक्सी’ हा त्याचा मूळपुरुष म्हणता येईल. खऱ्या टंकयंत्राचे ठसे घेऊन, त्यांच्या फाटक्या कडांसह तो बनवला. ‘द एक्स-फाइल्स’ या मालिकेच्या नावात तो झळकला आणि गुप्त फाइल, तपास, पुरावा म्हटले की असेच अक्षर हवे, हा संकेत पक्का झाला.

नागरीपुढची अडचण कळांच्या संख्येची होती. टंकयंत्रावर साधारण ४६ कळा असतात. शिफ्टसह त्यांवर ९२ खुणा बसतात, त्यांतच आकडे आणि विरामचिन्हे बसवावी लागतात. नागरी छापखान्यातल्या जुळाऱ्याच्या केसमध्ये मात्र मूळ अक्षरे, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे आणि मात्रा लावलेली अक्षरे मिळून काही शे खिळे, म्हणजे धातूचे सुटे टाइप, असत. ओळीच्या ओळी ओतून देणाऱ्या लायनोटाइप यंत्राचीही हीच कथा: त्याच्या मॅगझिनमध्ये ९० खाचा. हरी गोविल यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेत नागरी लायनोटाइप सिद्ध केला तेव्हा त्यांनाही अक्षरे तोडून त्यांचे भाग करावे लागले.

यंत्र येण्याआधीच नागरीच्या सार्वजनिक वापराचा प्रश्न वाराणसीत उभा राहिला होता. श्यामसुंदर दास, रामनारायण मिश्र आणि शिवकुमार सिंह यांनी १८९३ मध्ये तेथे नागरीप्रचारिणी सभा स्थापन केली. सभेच्या आणि मदनमोहन मालवीयांच्या खटपटीने एप्रिल १९०० मध्ये वायव्य प्रांताच्या न्यायालयांत नागरीला मुभा मिळाली. या निर्णयाचे महत्त्व एरवी भाषेच्या राजकारणात मोजले जाते, पण अक्षराच्या दृष्टीनेही तो मोठा आहे. अर्ज, नकला, कैफियती, समन्स यांत नागरी आली म्हणजे ती भरभर, अनेक प्रतींत आणि कोणालाही वाचता येईल अशी लिहिण्याची गरज आली. पुढे टंकयंत्राने जी गरज भागवली ती हीच.

डिसेंबर १९०५ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन वाराणसीत भरले. अध्यक्ष गोपाळ कृष्ण गोखले होते. त्याच सुमारास रमेशचंद्र दत्त यांच्या अध्यक्षतेखाली नागरीप्रचारिणी सभेची परिषद झाली आणि तीत लोकमान्य टिळकांनी भारतीय भाषांसाठी एक प्रमाण लिपी असावी, असे मांडले. टिळकांचा हा विषय केवळ व्यासपीठावरचा नव्हता. केसरीच्या छपाईसाठी नागरी खिळ्यांची संख्या घटवण्याच्या खटपटीत ते स्वतः पडले होते, म्हणजे लिपीचा प्रश्न त्यांनी केसपाशी उभे राहूनही पाहिला होता.

पुढची तीन-चार दशके सुधारणांची झाली. इंदूरला १९३५ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलन भरले आणि लिपी सुधारण्यासाठी काका कालेलकरांकडे काम आले. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी पुरस्कारलेली ‘अ’ची बाराखडी, म्हणजे इ, ई, उ यांच्या जागी ‘अ’लाच वेलांटी आणि उकार देणे, वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या पुस्तकांतही वापरली गेली. तिच्यामुळे काही स्वतंत्र स्वरचिन्हांच्या जागा वाचत होत्या, आणि ९२ खुणांच्या हिशेबात एकेक जागा मोलाची होती. पुढे उत्तर प्रदेश सरकारने नेमलेल्या लिपी सुधार समितीचे अध्यक्ष आचार्य नरेंद्र देव होते. काशी विद्यापीठाचे ते आचार्य, आणि नंतर काशी हिंदू विश्वविद्यालयाचे कुलगुरू. लखनौच्या १९५३ च्या परिषदेत तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे, आखूड दांड्याने काढावी असे ठरले. उच्चाराचा आणि लेखनाचा क्रम एक व्हावा हा त्यामागचा विचार होता. पण ती दीर्घ वेलांटीसारखीच दिसे. वाचणाऱ्यांनी ती स्वीकारली नाही आणि १९५७ मध्ये हा बदल मागे घेतला गेला. लिपी यंत्रासाठी किती वाकवायची याची मर्यादा इथे दिसली: घडण बदललेली चालते, ओळख पुसलेली चालत नाही.

टंकयंत्राने अखेर जो मार्ग काढला तो जास्त हुशारीचा होता. नागरीतील पुष्कळ अक्षरांच्या शेवटी उभा दांडा आहे, आणि काना म्हणजेही उभा दांडाच. म्हणून ख, घ, थ, ध, भ, ण, श, ष, क्ष अशा अक्षरांना कळीवर पूर्ण रूप दिलेच नाही, फक्त दांड्याशिवायचा अर्धा भाग दिला. पूर्ण अक्षर हवे असेल तर त्याला कान्याची कळ जोडायची. जोडाक्षर हवे असेल तर कान्याशिवाय पुढचे अक्षर मारायचे. न, म, प, त, स यांसारख्या सतत लागणाऱ्या अक्षरांना मात्र पूर्ण रूप खालच्या जागी आणि अर्धे रूप त्याच कळीच्या शिफ्टमध्ये मिळाले.

ही रचना आजही हाताखाली पाहता येते. संगणकावरच्या ‘कृतिदेव’ या फॉन्टमध्ये रेमिंग्टन हिंदी टंकयंत्राचीच मांडणी उतरली आहे. त्यात ‘काशी’ लिहायचे तर इंग्रजी कळफलकावर डी, के, अपॉस्ट्रॉफी, के, एच अशा पाच कळा लागतात. डी म्हणजे क, के म्हणजे काना, अपॉस्ट्रॉफी म्हणजे अर्धा श, पुन्हा के म्हणजे त्या श चा दांडा, आणि एच म्हणजे दीर्घ वेलांटी. एकच के एकदा स्वर होतो आणि एकदा अक्षराचा अवयव. ‘वाराणसी’त तो तीनदा येतो: ओ, के, जे, के, पूर्णविरामाची कळ, के, एल, एच. यातला तिसरा के ण पुरा करतो. ‘भारत’ लिहिताना शिफ्टसह एच, मग लागोपाठ दोन के, जे आणि आर. पहिला के भ चा दांडा, दुसरा त्याचा काना. शिकलेल्या टंकलेखकाची बोटे हे सगळे विचार न करता करतात.

या तोडजोडीचे दृश्य परिणाम हेच नागरी टंकाक्षराचे खरे रूप आहे. बहुतेक यंत्रांत कागद धरणारा गाडा प्रत्येक ठोक्याला सारखाच, एक घर, सरकतो. त्यामुळे एका ठोक्याचे र किंवा त एका घरात बसते आणि दोन ठोक्यांचे ख किंवा श दोन घरे व्यापते. ओळीत एक घर, दोन घरे अशी उघडमीट तयार होते. छापील नागरीत अशी लय नसते. अर्धा भाग आणि दांडा जिथे भेटतात तिथे शिरोरेषेत बारीक फट किंवा दुहेरी गडद ठिपका दिसतो. उकार, एकार, अनुस्वार आणि रफार यांच्या कळा गाडा सरकवीत नाहीत. त्या आधीच्या अक्षराच्या घरात एका ठरलेल्या जागी चिन्ह मारतात. शेवटी दांडा असलेल्या अक्षराला ती जागा बरोबर लागते, पण क, द, ट, ड यांसारख्या अक्षरांखाली उकार उजवीकडे घसरलेला वाटतो. ऱ्हस्व वेलांटीचे रूप एकच, त्यामुळे रुंद अक्षरावर तिची कमान पुरत नाही.

जोडाक्षरांपैकी त्र, ज्ञ, श्र, द्य, द्ध अशा मोजक्यांनाच कळ मिळाली. एकाखाली एक बसणारी बाकीची जोडाक्षरे पाय मोडून लिहावी लागली: ‘ट्‌ट’, ‘ड्‌ढ’. प्रमाण हिंदीत ‘विद्‌या’, ‘चिह्‌न’ अशी पाय मोडलेली रूपे पुढे मान्य झाली, त्यामागे यंत्रावरच्या लेखनाची सोय हे एक कारण होते. वाराणसीच्या दृष्टीने जोडाक्षरांची ही मोठीच तूट म्हणावी लागेल. तिथला संस्कृत ग्रंथव्यवहार, १८९२ पासूनची चौखंबा ग्रंथमाला किंवा संस्कृत विश्वविद्यालयाची प्रकाशने, जोडाक्षरांनी भरलेला आहे. तो मजकूर टंकयंत्राला पेलणारा नव्हता. त्यामुळे एकाच शहरात नागरीची दोन रूपे नांदली: पोथी आणि ग्रंथात खिळ्यांची भरगच्च नागरी, कचेरीत टंकयंत्राची सुटी, पाय मोडलेली नागरी.

मराठीसाठी यंत्र वेगळे लागले. ‘ळ’ची सतत गरज, ‘दऱ्या-खोऱ्या’मधला अर्धा र, आणि मराठी वळणाचे ल आणि श हे हिंदी यंत्रावर जसेच्या तसे मिळत नव्हते. उलट अ, झ, ण यांच्या बाबतीत मुंबईचे वळणच पुढे हिंदीनेही प्रमाण मानले. मराठी डोळ्यांना हिंदी टंकाक्षरातला ल लगेच खटकतो, म्हणून मराठी मजकुरासाठी टंकयंत्री फॉन्ट निवडताना आधी ल, श आणि ळ पाहावेत.

भारतीय बनावटीचे टंकयंत्र गोदरेजने १९५५ मध्ये आणले. पुढे कंपनीने अनेक भारतीय लिप्यांची यंत्रे काढली. सातारा जिल्ह्यातल्या शिरवळच्या कारखान्यात २००९ मध्ये उत्पादन थांबले आणि कार्यालयीन टंकयंत्राचे पर्व संपले. महाराष्ट्रात मराठी टंकलेखनाच्या मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या परीक्षाही यंत्रावरून संगणकावर गेल्या. पण यंत्र गेले तरी त्याची मांडणी गेली नाही. भारत सरकारने १९८६ मध्ये इनस्क्रिप्ट हा उच्चाराच्या क्रमाने चालणारा कळफलक प्रमाण केला, विंडोजबरोबर र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट घरोघर पोचला, तरीही उत्तर भारतातल्या टंकलेखन परीक्षांत आणि न्यायालयांभोवतीच्या टायपिंगच्या दुकानांत रेमिंग्टन मांडणी टिकून आहे. ज्यांची बोटे तिच्यावर घडली त्यांना ती सोडणे म्हणजे रोजची कमाई अर्ध्यावर आणणे. कृतिदेवमधले अक्षर मात्र टंकयंत्रासारखे दिसत नाही. ते छापील वळणाचे आहे, त्याच्या आतला कळांचा हिशेब तेवढा टंकयंत्राचा. टंकयंत्री दिसण्यासाठी कृतिदेव वापरणे म्हणूनच निरुपयोगी, आणि तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ‘वाराणसी’च्या जागी रोमन अक्षरांचा अर्थहीन पुंजका दिसतो, ही अडचण वेगळीच.

नागरी मांडणीत सर्वांत जास्त दिसणारी चूक अशी: एखादा रोजचा युनिकोड फॉन्ट घ्यायचा, त्याच्या कडा खरवडायच्या, मागे पिवळट कागद ठेवायचा आणि त्याला टंकलिखित म्हणायचे. हे अक्षर कोणालाही पटत नाही, कारण ‘द्ध’ आणि ‘ट्ट’ अगदी छापखान्यासारखे जुळलेले असतात, वेलांटीची कमान अक्षराच्या मापाने लांबलेली असते, शिरोरेषा अखंड असते. घाण वर चढवलेली असते, घडण मात्र छापील राहते. याच्या उलट, कडा स्वच्छ ठेवून नुसती घरांची लय, दांड्याजवळची फट आणि पाय मोडलेली जोडाक्षरे सांभाळली तरी डोळा लगेच ‘टाइप केलेले’ म्हणून ओळखतो. एरवी नागरीत अक्षरांमधले अंतर वाढवणे हा दोष, कारण शिरोरेषा तुटते. टंकयंत्री मांडणीत तेच तुटणे चालते. फक्त ते सगळीकडे सारखे असावे.

काळाचे भान हाही भाग आहे. लमहीत १८८० मध्ये जन्मलेल्या आणि १९३६ मध्ये निवर्तलेल्या प्रेमचंदांवरचे पुस्तक किंवा नाटकाचे भित्तिपत्रक टंकयंत्री नागरीत करणे चुकीचे ठरेल. त्यांचे जग हस्तलिखिताचे आणि खिळ्यांचे, १९२३ मध्ये त्यांनी वाराणसीत काढलेल्या सरस्वती प्रेसचे आहे. वाराणसीत मराठी कुटुंबात जन्मलेले हिंदी संपादक बाबूराव विष्णू पराडकर यांनी १९३० च्या आंदोलनात सरकारी बंदीच्या काळात ‘रणभेरी’ हे गुप्त पत्रक सायक्लोस्टाईलवर काढले. त्याचे वातावरण उभे करायचे तर स्टेन्सिलमधून झिरपलेल्या शाईची डागाळ छाप हवी. रिबनवरच्या हातोडीचा ठसा तिच्याहून वेगळा असतो. टंकयंत्री नागरी शोभते ती स्वातंत्र्योत्तर कार्यालयीन जगाला: जमिनीचे खटले, चौकशी समित्या, बदलीचे हुकूम, आणीबाणी, नोकरीचा अर्ज. कोर्टकचेरीवरच्या कादंबऱ्यांची मुखपृष्ठे, माहितीपटांच्या उपशीर्षपट्ट्या, संग्रहालयातल्या वस्तूंच्या चिठ्ठ्या, अभिलेखांवरची प्रदर्शने येथे हे अक्षर आपले काम चोख करते.

मालाच्या वेष्टनावरही त्याला जागा आहे, पण नावासाठी नव्हे. बनारसी शालूला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अशा शालूच्या नावाला ठसठशीत रेखाटलेले अक्षरच हवे. पण त्याला अडकवलेल्या छोट्या चिठ्ठीवर सूत, जर, विणकामाचे दिवस, मागाचा प्रकार अशी नोंद द्यायची असेल तर टंकयंत्री अक्षर खात्रीचा सूर लावते. रकाने सरळ येतात आणि नोंदीला नोंदीचे रूप मिळते. लग्नपत्रिका आणि उपाहारगृहांच्या पत्रकांत हल्ली ते सरसकट वापरले जाते. तिथे आठ-दहा ओळींपुढे ते वाचणे त्रासाचे होते, आणि मात्रा विरळ बसल्याने वयस्करांना तर फारच. १२ पॉइंटच्या खाली नागरी टंकाक्षर नेऊ नये, आणि ओळींमध्ये रोमनपेक्षा जास्त जागा ठेवावी, कारण वर रफार-अनुस्वार आणि खाली उकार दोन्ही ठरलेल्या उंचीवर अडकलेले असतात.

रोमनमध्ये ‘स्पेशल एलिट’, ‘कुरियर प्राइम’ असे मोफत फॉन्ट सहज मिळतात. नागरीत तशी निवड फारच तोकडी आहे, त्यामुळे गंभीर कामासाठी अक्षर स्वतः घडवावे लागते. त्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे चालू स्थितीतले यंत्र मिळवून, नवी आणि वापरलेली अशा दोन रिबनांवर प्रत्येक कळ अनेकदा मारून, तो कागद १,२०० डीपीआयवर स्कॅन करणे. फॉन्ट बांधताना युनिकोडच पाळावा. दांडा जोडून अक्षर पुरे करण्याचे काम आतल्या ओपनटाइप नियमांवर सोपवावे, म्हणजे लिहिणारा नेहमीसारखे टाइप करील आणि अक्षर दोन घरांत उमटेल. प्रत्येक अक्षराचे तीन-चार ठसे ठेवून ते आळीपाळीने यावेत असा नियम घालता येतो, नाहीतर शेजारचे दोन ‘र’ हुबेहूब एकसारखे डागाळलेले दिसतात आणि लबाडी उघडी पडते. जोडाक्षर न जुळता पाय मोडलेले दिसावे यासाठी हलन्तानंतर शून्य रुंदीचे विभाजक चिन्ह घालतात. फॉन्टमध्ये ती जुळणीच ठेवली नाही तर त्याचीही गरज उरत नाही. छापताना निव्वळ काळ्याऐवजी किंचित निळसर किंवा तपकिरी झाक असलेली शाई आणि चकचकीत नसलेला, शाई थोडी शोषणारा कागद घ्यावा. कार्बन प्रतीचा भास हवा असेल तर तीच अक्षरे थोडी जाड, कडांनी धूसर आणि जांभळट निळ्या रंगात छापावीत. कार्बनमधून ठसा पसरतो, रिबनवरून तो खोल जातो, आणि हा फरक जुने कागद हाताळलेल्या वाचकाच्या नजरेतून सुटत नाही.